मामांचं खाकरणं आणि तांबडमानीची पिल्लं

ती. मामांना,

तुम्ही रुसलेले असलात तरी भाचीचा नमस्कार असावा. नमस्काराशी तुमचं काही भांडण नाही, असं मी धरून चालते. मामीलाही नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (मामी म्हणाली की जिना चढताना दुखतो आणि उतरताना मुळीच दुखत नाही. मला वाटतं, हा गुडघ्याचा आजार नसून वर राहणाऱ्या घरमालकाचं तोंड बघण्याचा कंटाळा आहे.) गाडी एका किल्लीत सुरू होते का, की अजून शेजाऱ्यांना ढकलायला लावता? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचे जावई तर इतके ठीक आहेत की त्यांना कमरेचा नवा पट्टा घ्यावा लागला.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही फोन उचलत नाही. मी फोन केला की मामी उचलते आणि मागून तुमचा आवाज येतो, मी घरात नाही म्हणून सांग. मामीला खोटं बोलता येत नाही, म्हणून ती सांगते की ते घरात नाहीत असं ते म्हणताहेत. त्या दिवशी तुमचं बोलणं ऐन रंगात आलेलं असताना मी फोन आपटला, असा तुमचा समज आहे. पोरगी पक्ष्यांच्या नादी लागून माणसांना विसरली, असंही तुम्ही मामीजवळ म्हणालात म्हणे. मामा, फोन मी ठेवलेलाच नाही. फोनची वायर आमच्या केंद्राच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी भिंतीतून उपटली. का उपटली, ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. तेव्हा चष्मा लावा, खुर्ची उजेडाकडे ओढा आणि हे पत्र मध्येच फाडू नका. (तुम्ही फाडणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचता.)

आधी एक गैरसमज दूर करू दे. तुम्ही गल्लीत सगळ्यांना सांगता की भाचीने कोंबड्या पाळल्या आहेत. तांबडमानी म्हणजे कोंबडी नव्हे. आकार तेवढाच असला तरी पाय काठीसारखे लांब, मान विटकरी रंगाची आणि स्वभाव कमालीचा संशयी. ती फक्त आपल्याकडच्या दलदलीत राहते, जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही नाही, आणि आपल्याकडेही आता एकाच दलदलीतल्या एका बेटावर तिच्या मोजक्या जोड्या उरल्या आहेत. आम्ही काय करतो, तर तिची काही अंडी उचलून आणतो, यंत्रात उबवतो, पिल्लं मोठी करतो आणि परत नेऊन सोडतो. ऐकायला सोपं आहे. पण हे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर ज्याचं तोंड बघेल आणि ज्याचा आवाज ऐकेल, त्याला आई समजतं. त्याने माणसाला आई मानलं, की पुढे दलदलीच्या काठावर काठी घेऊन, कुत्रा घेऊन येणाऱ्या कोणाही माणसाकडे ते हौसेने धावत जाणार. म्हणून आम्ही त्यांच्यासमोर माणूस म्हणून जातच नाही. डोक्यापासून पायापर्यंत करडा झगा घालतो, आणि उजव्या हातात तांबडमानीचं लाकडी डोकं घालून त्याच्या चोचीने पिलांना भरवतो. ही डोकी आमच्या सुतारांनी केली आहेत. (सुतार म्हणजे मूळचे दारं-खिडक्या करणारे गृहस्थ. बाईंकडे कपाट दुरुस्त करायला आले आणि राहिले. कपाट अजून तसंच आहे.) आणि पिंजऱ्याच्या आवारात बोलायचं नाही. शिंकायचं नाही, चप्पल वाजवायची नाही, हसायचं तर अजिबात नाही. मी, तुमची भाची, जिला शाळेतून बडबडीसाठी वर्षातून चारदा बाहेर उभं केलं जायचं, ती दिवसभर तोंडातून अवाक्षर काढत नाही, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. तुमच्या जावयांचाही बसला नव्हता. त्यांनी आधी आनंद मानला.

तो आनंद फार टिकला नाही, कारण दिवसभराची सवय घरीसुद्धा सुटेना. मी फोनवर मान हलवून उत्तर द्यायला लागले. मामीने दोनदा विचारलं होतं ना की लाइन गेली का? लाइन होती, मी मान हलवत होते. बँकेत काउंटरवरचा माणूस लक्ष देईना, तर मी उजव्या हाताची चोच करून काचेवर टकटक केलं. त्याने लगेच लक्ष दिलं, पहारेकऱ्यानेही दिलं. एकदा जेवताना तुमचे जावई पेपरात तोंड खुपसून बसले होते, तेव्हा मी नकळत बोटांची चोच करून अंड्याचा तुकडा उचलला आणि त्यांच्या तोंडासमोर धरून हलवायला लागले. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि तो तुकडा खाल्ला. त्यानंतर त्यांनी माझ्या नोकरीबद्दल एक शब्दही काढलेला नाही.

हे सगळं मी हसत लिहिते आहे, पण मामा, गेल्या वर्षीचं तुम्हाला कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी आम्ही पिल्लं सोडली, त्यांना आईच्या हाकेची सवय नीट लागलेली नव्हती. आमच्याकडची टिपलेली हाक जुनी, घरघर करणारी होती. पिल्लं हाकेमागे बेटावर गेलीच नाहीत, काठावरच्या चिखलात चरत राहिली. काठावर कोल्हा येतो. सकाळी आम्हाला पिसं मिळाली, बाकी काही नाही. बाई तशाच केंद्रात परत आल्या, झगा चढवला, कारण उशिरा फुटलेल्या अंड्यातलं एक अशक्त पिल्लू मागे राहिलं होतं आणि त्याची भरवायची वेळ झाली होती. त्या भरवत होत्या आणि झग्याखाली रडत होत्या, आणि आवाज करायचा नाही म्हणून आवाज न करता रडत होत्या. मी दाराशी उभी होते. त्या दिवशी मी ठरवलं की नवी हाक मी आणणार, आणि अशी आणणार की पिल्लं झोपेतून उठून धावली पाहिजेत.

इथे तुमचा प्रवेश होतो. आठवतं, आवाज टिपायचं यंत्र घेऊन बेटावर जायचं होतं, बाईंची जीप बंद पडली होती आणि तुम्ही मोठ्या मनाने गाडी काढली होती? (मी आणि सुतारांनी ती किती वेळा ढकलली ते इथे लिहीत नाही.) तुम्हाला गाडीतच बसा म्हटलं तर तुम्ही म्हणालात, मी दगडासारखा बसेन, आणि आलात होडीत बसून आमच्याबरोबर गवताच्या आडोशाला. आणि खरंच दगडासारखे बसलात. एक शब्द बोलला नाहीत. समोर तांबडमानी पिलांना घेऊन आली, टुक-टुक-टूऽ अशी हाक दिली, पिल्लं तिच्याकडे धावली, मी सगळं टिपून घेतलं. घरी येऊन ऐकलं. इतका स्वच्छ आवाज आमच्याकडे कोणी आणलेला नव्हता. त्यातली उत्तम हाक कापून घेतली, कर्ण्याला जोडली, आणि यंदाची सहा पिल्लं अंड्यात टकटक करायला लागल्यापासून त्यांना तीच ऐकवली. प्रत्येक घासाआधी तीच.

मामा, आता जरा घट्ट बसा. तुम्ही दगडासारखे बसला होतात हे खरं, पण तुमचा घसा बसला नव्हता. तुम्ही उभा जन्म कोर्टात पुकारा करण्यात घालवलात. आधी खाकरायचं आणि मग पक्षकाराचं नाव घ्यायचं. तुमच्या त्या एका ख्र्रम्मवर पार फाटकाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत सगळं आवार चिडीचूप व्हायचं. निवृत्त झालात तरी ते गेलं नाही. तुम्ही भाजी मागायच्या आधी खाकरता, देवाला हात जोडायच्या आधी खाकरता, आणि त्या दिवशी तांबडमानीने हाक द्यायच्या आधी, तिच्या वतीने, खाकरलात. यंत्रात ते ठणठणीत आलं. ख्र्रम्म, टुक-टुक-टूऽ. तुम्ही म्हणाल, मग तुला ऐकू आलं नाही का? नाही आलं. शाळेची सगळी वर्षं मी तुमच्या घरात वाढले. तुमचं खाकरणं मला ऐकू येत नाही, जसा रेल्वेशेजारी राहणाऱ्याला गाडीचा आवाज येत नाही. मी ती हाक शेकडो वेळा ऐकली असेल, आणि माझ्या कानांना त्यात फक्त पक्षी ऐकू आला.

बाईंना मात्र ते पहिल्याच दिवशी ऐकू आलं. पण बाईंनी तुम्हाला कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, ही तांबडमानीच. त्यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं, डोळे मिटून ऐकलं, आणि त्यावर एक निबंध लिहिला. तांबडमानीची आई पिलांना बोलावण्याआधी घशातून खर्जातला एक स्वर काढते, हा स्वर आजवर एकाही अभ्यासकाच्या कानी पडलेला नाही, आणि त्यातून तिचं वय, अनुभव आणि कुटुंबावरचा अधिकार प्रकट होतो, असा एकंदर मजकूर. (मामीला हा भाग वाचून दाखवा.) परगावी अभ्यासकांच्या सभेत त्यांनी तो वाचला. टाळ्या पडल्या. एका वृद्ध तज्ज्ञांनी उठून सांगितलं की या स्वरात त्यांना दलदलीची हजारो वर्षं ऐकू आली.

आणि मग तुमचा तो फोन आला. आमच्या कचेरीत आणि पिंजऱ्यात एक फळ्यांची भिंत आहे. माझे हात माशांच्या चुऱ्याने भरलेले होते, म्हणून मी कोपराने स्पीकरचं बटण दाबलं. तुम्ही नेहमीप्रमाणे खाकरलात आणि पिल्लं सोडण्याच्या समारंभात तुम्ही काय भाषण करणार ते सांगायला लागलात. तिकडे भिंतीपलीकडे धडपड सुरू झाली. बाई फटीतून बघायला लागल्या, मीही बघितलं. सहाच्या सहा पिल्लं झोपेतून उठून, एकमेकांना तुडवत भिंतीशी आली होती आणि चोची वर करून, आ वासून उभी होती. तुम्ही भाषणाच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळण्यापूर्वी पुन्हा खाकरलात. एक पिल्लू फळीवर चढायला लागलं. बाईंनी हळूच, अगदी कुजबुजत विचारलं, "हे कोण बोलताहेत?"

मी म्हटलं, "माझे मामा."

बाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि मग मानेपर्यंत विटकरी झाला. तुम्ही तिसऱ्यांदा खाकरलात तेव्हा त्यांनी वायर उपटली. हा तुमचा तुटलेला फोन.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. बाई मनाने मोठ्या आहेत, त्यांनी त्याच दिवशी निबंध मागे घेतला. (त्या वृद्ध तज्ज्ञांना कोणी कळवायचं यावर अजून चर्चा चालू आहे.) मी तुम्हाला काढून टाकून नुसती हाक तयार केली. पिलांनी ती ऐकली, एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा डोकी पंखात घातली. मग प्रश्न आला, की ही कोणाच्याही खाकरण्याला भुलतात की काय? तसं असेल तर दलदलीच्या काठी पहिला म्हातारा घसा साफ करील आणि सगळं संपेल. म्हणून आम्ही भिंतीआडून एकेकाने खाकरून बघितलं. सुतार खाकरले. औषधं घेऊन येणारा खाकरला. तुमच्या जावयांना मुद्दाम बोलावलं, ते इतकं जीव तोडून खाकरले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पिलांनी मान वर केली नाही. त्यांना फक्त तुम्ही चालता. शेवटी बाईंनी हात टेकले आणि ठरवलं, की पिलांना जे कळतं तेच वाजवायचं. सोडायच्या दिवशी बेटावर कर्णा ठेवायचा, त्यातून तुम्ही खाकरणार, तांबडमानी हाक देणार, पिल्लं पोहत बेटावर जाणार. बेटावर कोल्हा पोहोचत नाही, आणि तिथे त्यांच्या जातीची वडीलधारी मंडळी आहेत. पुढचं त्यांचं त्यांनी बघायचं.

तर मामा, झालं हे असं. राग सोडा. समारंभाला मात्र तुम्ही येऊ नये असं मला मनापासून वाटतं, ते निव्वळ तुमच्या काळजीने. रस्ता खराब आहे, डास फार आहेत, बसायला खुर्ची मिळेलच असं नाही, आणि गुडघ्याला चिखल वाईट. भाषण लिहून पाठवलंत तर मी जपून ठेवीन. मामीला डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगा.

तुमची (अजून मानत असाल तर) बडबडी भाची

ता. क. हे पत्र वाचून तुम्ही म्हणाल, चिखलाला मी कधीपासून भ्यायला लागलो? बरोबर आहे. खरं कारण वेगळं आहे. बाईंनी सक्त सांगितलं आहे की त्या दिवशी तुम्ही त्या पाण्याच्या आसपासही दिसता कामा नये. कर्णा बेटावरून बोलावणार, आणि तुम्ही काठावर खाकरलात तर पिल्लं मागे फिरून माणसांत येणार, कोल्ह्याच्या बाजूला. मी म्हटलं, मामा गप्प बसतील. बाई म्हणाल्या, ते दगडासारखे बसले होते तेव्हा काय झालं ते आपण बघितलं. तुमच्याजवळ इतकी वर्षं राहून तुम्हाला येऊ नका म्हणायची माझ्यावर वेळ आली. मला हे फोनवर सांगायचं धैर्य झालं नसतं, म्हणून तुम्ही फोन उचलत नव्हता ते एका परीने बरंच झालं.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालात पडलंच नाही, तुमच्या जावयांच्या पिशवीत राहिलं. आयुष्यात प्रथमच त्यांच्या विसरभोळेपणाचा उपयोग झाला, कारण वर लिहिलेलं सगळं आता उलटं समजायचं आहे. मामा, तुम्ही या. काल आम्ही पिल्लं आणली आणि काठावरच्या जाळीत ठेवली. आज सकाळी सुतार कर्णा घेऊन बेटाकडे निघाले, आणि होडीत उभे राहून कर्णा नीट बांधला आहे ना ते बघायला लागले. कर्णा, यंत्र आणि सुतार तिघंही पाण्यात गेले. सुतार तेवढे वर आले. नवा कर्णा शहरातून यायला आठवडा लागेल. मोबाइलवर हाक वाजवून बघितली, ती बेटापासून पाण्याच्या मध्यापर्यंतही पोहोचत नाही. आणि जाळीभोवतीच्या चिखलात कोल्ह्याची पावलं उमटली आहेत, जाळीला एका ठिकाणी दात लागलेले आहेत. परत न्यावं तर पिल्लं या गोंधळाने इतकी घाबरली आहेत की प्रवासात दगावतील असं बाई म्हणतात. इतक्या रुंद पाण्यावरून पोहोचेल असा घसा आमच्या माहितीत एकच आहे. हे बाईंनीच म्हटलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मामांना विचाराल का?"

तुमचे जावई हे पत्र हातात देतील तेव्हा वाचून होईपर्यंत ते दारात उभे राहतील, त्यांना बसा म्हणू नका, ते बसले की जेवतात. तसेच त्यांच्याबरोबर निघा. तुमची गाडी काढू नका.

ता. क. तिसरा. इथे आल्यावर काय करायचं ते आत्ताच लिहिते, कारण काठावर आपल्याला बोलता येणार नाही. तुम्हाला झगा घालतील. तो करडा आहे आणि तुम्हाला आखूड होईल, कुरकुर करू नका. होडीने बेटावर नेतील, गवतात बसवतील. बाई हात वर करतील तेव्हा तुम्ही खाकरायचं, कोर्टात खाकरायचात तसं, फाटकापर्यंत जाईल असं. पिल्लं पाण्यात उतरतील. ती येईपर्यंत थांबून थांबून खाकरत राहायचं. ती तुमच्या पायांपाशी येतील, आ वासतील, आणि तुमच्याजवळ द्यायला काही नसेल. तेव्हा त्यांच्याशी बोलू नका, हात लावू नका. बेटावरच्या तांबडमान्या गवतातून ओरडतील, आणि ती हळूहळू तिकडे वळतील. वळली की तुम्ही होडीत बसून परत यायचं, आणि घसा कितीही खवखवला तरी गाडीची काच वर होईपर्यंत आवाज काढायचा नाही. त्यानंतर त्या पाण्यावर तुम्ही पुन्हा कधीच जायचं नाही. मीही नाही. मी त्यांना अंड्यातून बाहेर आल्यापासून भरवलं, आणि त्यांच्या लेखी मी म्हणजे एक झगा आणि लाकडाचं डोकं आहे. याचं मला वाईट वाटतं, ते कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

भाषण आणू नका. आजवर तुम्ही खाकरलात की पुढे काय बोलता याकडे सगळ्यांचं लक्ष लागायचं. इथे तुम्ही नुसते खाकरा. पुढचं पिल्लं बोलतील.